तीन वाजताची लाट

१

माझे वडील को थ्येन-लाय यांनी होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाशी, उभे राहून भाल्याने तलवारमासे मारले. त्यांची थोरली मुलगी मी, को सिऊ-गिम. मला भाऊ नव्हता, म्हणून मी घरजावई आणला आणि घराण्याचे नाव पुढे नेले. माझा मुलगा को हाय-सिंग याला बोट लागते, त्यामुळे तो बंदरात बर्फाचा कारखाना चालवतो. आणि त्याची मुलगी रू-यिंग, जिच्याविषयी मी हे लिहिते आहे, ती समुद्राचे गणित मांडते. वादळात लाट कुठे जन्मते, कशी वाढते आणि कोणत्या किनाऱ्यावर किती उंच होऊन फुटते, हे संगणकाला विचारून सांगणे हा तिचा धंदा. तीन पिढ्या समुद्रावर जगल्यावर चौथ्या पिढीने त्याचा हिशेब मागितला, एवढाच त्याचा अर्थ.

सातव्या महिन्यातले मोठे वादळ आमच्या श्येवान बंदराला शनिवारची मध्यरात्र उलटल्यावर एक वाजता लागले. रविवारी समुद्र इतका खवळलेला होता की बांधावर पाऊल ठेवणे शक्य नव्हते. सोमवारी सकाळी नऊ वाजता बंदर समितीची माणसे बांधाच्या टोकाशी गेली, तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. दक्षिणेकडचा साठ हात बांध समुद्रात गेला होता. आणि टोकावरच्या खोलीतून लाटांची नोंद करणारी पेटी नाहीशी झाली होती.

खोलीला कुलूप होते. काचा शाबूत होत्या. पेटी ज्या चार स्क्रूंवर भिंतीला टांगलेली असे, ते चारही स्क्रू आपापल्या भोकांत व्यवस्थित बसवलेले होते.

त्या खोलीच्या किल्ल्या तीनच. एक रखवालदार ल्याओ आ-तोंग याच्याकडे, एक बांध बांधणाऱ्या कंत्राटदार फानकडे, एक रू-यिंग जिथे काम करते त्या लाटांच्या अभ्यासकेंद्राचे प्रमुख डॉक्टर शाओ यांच्याकडे. सोमवारी पहाटे कोण कुठे होते याला तिघांकडेही साक्षीदार नव्हता.

दुपारपर्यंत सगळ्या बंदराने चोर ठरवून टाकला होता. आ-तोंग.

२

संध्याकाळी मी त्याला बोलावून घेतले. पायाला टाके पडलेले असूनही तो आला. मी बोलावल्यावर लोक येतात.

"बस," मी म्हटले. "आधी पेज खा. मग बोल."

"आमा, घशाखाली उतरत नाही." मला सारे बंदर आमा म्हणते, म्हणजे आजी.

"उतरत नाही म्हणे! साठी उलटली तरी लाड संपत नाहीत. खा."

त्याने वाडगा तोंडाला लावला. रू-यिंग त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"तोंगकाका, शनिवारी दुपारपासून सांगा. काही गाळू नका."

"काय सांगू पोरी? तुमच्याच केंद्राचा निरोप होता, संध्याकाळपर्यंत पाच मीटरच्या आतल्या लाटा. म्हणून मी खोलीत थांबलो. खोली पाण्यापासून नऊ मीटर उंचावर. आणि बरोब्बर तीनला ती आली."

"कशी होती?"

"भिंत असते ना पाण्याची, तशी नव्हती. पठारासारखी. नुसती उचलत, उचलत आली. खोलीच्या छपरावरून पाणी गेलं. ती ओसरल्यावर मी बाहेर पडलो, दाराला कुलूप लावलं, शिडी उतरलो, निम्म्या शिडीवर असताना दुसरी आली. तिनं मला कठड्यावर आपटलं. तेव्हाच दक्षिणेचा बांध गेला. मी डोळ्यांनी पाहिला."

"थांबा. दोन लाटांच्या मध्ये कुलूप लावून निम्मी शिडी उतरलात?"

"हो. का?"

 रू-यिंग आपल्या वहीत काही लिहू लागली. मी पाहिले की तिचे कान लाल झाले होते. लहानपणी गणित सुटण्याआधी असेच होत असे.

"डॉक्टरसाहेब म्हणतात, तीनला एवढी लाट शक्यच नाही," आ-तोंग म्हणाला. "म्हणजे मी भिऊन जागा सोडली आणि फाननं सांगितलं म्हणून पेटी पळवली. माझा जावई फानच्या कामावर आहे ना! तेवढं पुरलं लोकांना. शुक्रवारी समिती बसणार आहे. नोंदवहीत नाव चढेल. मग पोलीस. आमा, आमच्या घराचं एक नाव आधीच त्या नोंदवहीत आहे. दुसरं नको हो."

 ल्याओ घराण्याचे आमच्यावर एक ऋण होते. ते माझ्याखेरीज माझ्या घरात कुणालाही ठाऊक नव्हते, आणि मी ते बासष्ट वर्षे कुणाला कळू दिले नव्हते.

आ-तोंग गेल्यावर मी नातीला म्हटले, "शुक्रवारपर्यंत मला खरं काय ते हवं."

"आमा, डॉक्टर शाओ माझे गुरू आहेत. त्यांच्या गणिताविरुद्ध उभं राहायचं म्हणजे…"

"मी परवानगी मागितलेली नाही."

३

मंगळवारी तिने मला बरोबर नेले. म्हातारी बाई सोबत असली की लोक जास्त बोलतात, असे तिचे म्हणणे. त्यात तथ्य आहे.

कंत्राटदार फान तुटलेल्या बांधापाशी छत्री धरून उभा होता.

"या, या! को घराण्याची फौजच आली. आमा, बर्फ विकायला आलात की मला तुरुंगात घालायला?"

"ते तुझ्या उत्तरांवर आहे," मी म्हटले.

"ऐका मग. हा बांध मी आठ मीटरच्या लाटेसाठी बांधला. कागदावर तसं लिहिलंय. लाट आठाहून मोठी होती तर दोष माझा नाही. ती पेटी मिळाली ना, तर मी देवीला अख्खं डुक्कर वाहीन, तोंडात अननस ठेवून!"

"आणि लाट पाचच मीटरची निघाली तर?" रू-यिंगने विचारले.

फानने छत्री दुसऱ्या हातात घेतली. "तर… तर डुक्कर वाचलं म्हणायचं आणि मी मेलो."

परतताना रू-यिंग चालता चालता थांबली.

"आमा, सगळं एकाच प्रश्नावर अडलंय. लाट लहान होती, तर पेटी फानला नकोशी. लाट मोठी होती, तर फानला ती हवीच आहे, तोंगकाका खरं बोलतायत, आणि पेटी नकोशी आहे ती वेगळ्याच माणसाला. चोर शोधायचा तर आधी लाट मोजायला हवी. आणि लाट मोजणारी वस्तूच चोरीला गेलीय."

डॉक्टर शाओ यांनी आम्हांला स्वतःच्या हाताने चहा करून दिला. मनुष्य सभ्य. पडद्यावर त्यांनी वादळाचा नकाशा उघडला. दर सहा तासांनी वादळ कुठे होते त्याचे ठिपके आणि ते जोडणारी सरळ रेषा.

"शनिवारी दुपारी तीन," ते म्हणाले. "वादळ अजून साडेतीनशे किलोमीटर लांब. बांधापाशी लाट चार पूर्णांक आठ मीटर. दोन लाटांत नऊ सेकंद. मोठ्या लाटा मध्यरात्रीच्या. रखवालदार भ्याला हो. मी त्याला दोष देत नाही. पण गणित भीत नाही."

"सर, या ठिपक्यांच्या मधे वादळ सरळच चाललं कशावरून?"

"वादळाचा डोळा ढगांनी झाकलेला होता, उपग्रहालाही दिसला नाही. दिसत नसेल तेव्हा आपण सरळ रेषाच काढतो. मीच शिकवलंय ना तुला?"

त्यांच्यामागे उपकरणे वाळवण्याच्या कपाटाचा लाल दिवा लागला होता आणि पंखा घुमत होता. डॉक्टर आनंदी दिसत होते. चोरी झालेल्या घरात इतका आनंदी माणूस मी प्रथमच पाहिला, आणि घरी येताच तसे बोलूनही दाखवले.

रू-यिंग म्हणाली, "ते मॉडेल सुधारतायत, म्हणून. दोन दिवस जेवलेही नाहीत धड." आणि मग, आपल्याच बोलण्याने दचकल्यासारखी, उठून खोलीत गेली.

४

बुधवारी सकाळी ती माझ्या खोलीत आली.

"आमा, नऊ सेकंदांत कुलूप लावून निम्मी शिडी उतरता येत नाही. मी आज करून पाहिलं. चांगले तेरा-चौदा सेकंद लागतात, तेही धडधाकट पायांनी. पण माझ्या शिडीवर कोण विश्वास ठेवणार? शनिवारी त्या वेळी लाटा मोजणारं दुसरं कुणी असतं तर!"

मी तिच्याकडे पाहत राहिले. उत्तर मला ठाऊक होते. ते द्यावे की नाही, हे ठरवायला मला चहाचा एक पेला लागला.

आमच्या घरात एक रीत आहे. वादळ येऊ घातले की दर तासाला गच्चीवरच्या खिडकीत एक उदबत्ती लावायची, आणि ती विझेपर्यंत समोरच्या खडकावर किती लाटा फुटल्या ते मोजायचे. प्रत्येक लाटेला वाडग्यात एक दाणा. मग आकडा वहीत. माझ्या वडिलांची ही पद्धत. लाटा मोजक्या आणि सावकाश आल्या तर वादळ दूर असले तरी होडी काढायची नाही. वडिलांमागे मी मोजते. घरातले उदबत्तीला हसतात, आकडे कुणी पाहिलेले नाहीत. हसू देत.

मी वही काढली आणि शनिवारचे पान तिच्यापुढे धरले. सकाळी तीनशे दहा, तीनशे वीस. दुपारी एक वाजता एकदम एकशे साठ. दोन वाजता एकशे ऐंशी. तीन वाजता दोनशे.

"हे… हे तू मोजलंस?"

"नाही, मांजरानं मोजलं."

तिने त्याच पुड्यातली उदबत्ती लावली आणि हातातल्या घड्याळाकडे टक लावून बसली. ती विझायला अठ्ठेचाळीस मिनिटे लागली. दुसरी लावली. तिलाही अठ्ठेचाळीस. आमच्या देवळाचा उदबत्त्या वळणारा माणूस चोख आहे.

"म्हणजे दोन लाटांत एकला अठरा सेकंद. दोनला सोळा. तीनला चौदा, थोडे वर!" ती उभी राहून फेऱ्या घालू लागली. "आमा, नऊ नाहीच. आणि बघ, आकडा तासागणिक वाढतोय. लांब लाट वेगानं पळते, ती आधी पोचते. आखूड मागून येते. एकाच वेळी शर्यतीला सोडल्यासारख्या. कोण किती मागे पडली ते कळलं की शर्यत कुठून सुटली ते काढता येतं."

तिने काढले. तिन्ही आकड्यांनी एकच उत्तर दिले. शनिवारी पहाटे पाच वाजता, चारशे किलोमीटरवर.

"पण त्या वेळी वादळ तिथं नव्हतं," मी म्हटले. "तुझ्या डॉक्टरांच्या रेषेवर तर ते मागे होतं."

"सरळ रेषेवर मागे होतं. खरं वादळ तिथंच होतं. तू बाजारातली हातगाडी पाहतेस ना? ढकलणारा गाडीच्या चालीनं धावत राहिला, तर गाडीला वेग येतच राहतो. रात्रभर वादळ आपल्या लाटांच्या चालीनं धावलं. वारा त्यांना सोडेना, लाटा वाढतच गेल्या. आणि पहाटे पाचला ढकलणारा थांबला. वादळ तिथंच गिरकी घेत बसलं. पण गाडी कशाला थांबते? लाटा निघून आल्या, वादळाच्या दहा तास आधी. दर सहा तासांच्या ठिपक्यांत धावणंही दिसलं नाही आणि थांबणंही नाही."

तिने तशी गिरकी घालून संगणकावर गणित मांडले. दुपारी तीनला बांधाच्या टोकाशी साडेदहा मीटर.

लाट मोठी होती. म्हणजे आ-तोंग खरे बोलत होता. म्हणजे चोर फान नव्हता.

तिचा चेहरा उतरला. उरलेली तिसरी किल्ली तिच्या गुरूंची होती. मग ती म्हणाली, "आमा, हे समितीपुढं ठेवायचं तर नुसतं एक पान चालणार नाही. वही जुनी आहे, पद्धत जुनी आहे, हे दिसायला हवं. सगळी वही द्यावी लागेल."

"सगळी नाही," मी म्हटले.

माझा आवाज असा निघाला की तिने वही माझ्या हातातून घेतली नाही. पण ती माझी नात आहे. तिने विचारले, "त्यात काय आहे?"

मी बासष्ट वर्षांपूर्वीचे पान उघडले. वडिलांचे अक्षर. सकाळचा आकडा एकशे पासष्ट. त्या दिवशी वडील तरीही होडी घेऊन गेले, कारण आदल्या दिवशी तलवारमासे किनाऱ्याजवळ दिसले होते. तीन खलाशी परतले नाहीत. चौकशीत आ-तोंगचा बाप ल्याओ बुन, जो तेव्हा बांधावर धोक्याचा झेंडा चढवण्याच्या कामाला होता, स्वतः होऊन म्हणाला, मी लाल झेंडा लावायला विसरलो. त्याची जागा गेली. मरेपर्यंत तो टोपल्यांतले मासे निवडत राहिला, आणि त्या तिघांच्या विधवा त्याला पाहून रस्ता बदलत. आकड्याखाली वडिलांनी लिहिले होते: "बुनने झेंडा लावला होता. मी पाहिला. मी गेलो."

"पणजोबांसाठी तो खोटं बोलला?"

"आमच्या घरी सात तोंडं होती. बुनचं तेव्हा लग्नही व्हायचं होतं. तो म्हणाला, माझं एकट्याचं काय. माझ्या वडिलांनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. ती त्यांनी पुन्हा वर केली नाही."

५

शुक्रवारी समिती देवीच्या देवळाशेजारच्या दालनात बसली. आ-तोंग कोपऱ्यात उभा, फान पंख्याखाली, डॉक्टर शाओ अध्यक्षांच्या उजव्या हाताला. वही माझ्या मांडीवर होती, सगळी.

रू-यिंगने शिडी सांगितली, आकडे सांगितले, गिरकी सांगितली. अध्यक्षांनी चष्मा काढला.

"बाळ, तुझ्या आजीबद्दल आम्हांला आदर आहे. पण केंद्राच्या मॉडेलसमोर उदबत्ती?"

"तिला मी शिकवलंय," डॉक्टर हळुवारपणे म्हणाले. "कल्पना सुंदर आहे. पण वादळानं गिरकी घेतली याला पुरावा कुठाय? अधिकृत फेरतपासणी यायला महिना आहे. तोवर गिरकीची शंका कुणाला येणार?"

"तेच मला तुम्हांला विचारायचंय, सर." ती त्यांच्याकडे वळली. "केंद्राच्या संगणकावर कुणी कोणतं गणित कधी मांडलं त्याची यादी राहते. तुम्ही गिरकीचं पहिलं गणित सोमवारी सकाळी सात चाळीसला मांडलंत. तेव्हापासून एक्केचाळीस वेळा. पेटी गेल्याचं समितीला कळलं नऊला. उपग्रहाला जी दिसली नाही, ती गिरकी तुम्हांला सात चाळीसला कुणी दाखवली? मला आमाच्या वहीनं दाखवली. ती वही तुम्ही पाहिलेली नाही. मग दुसरी एकच वस्तू उरते."

डॉक्टरांनी समोरचे कागद नीट जुळवले.

"आणि ते स्क्रू," ती म्हणाली. "फानसाहेबांच्या माणसानं पहारीनं पेटी उखडली असती. तोंगकाकांनी स्क्रू खिशात टाकले असते. उपकरण काढलं की स्क्रू लगेच त्याच भोकात परत लावायचे, म्हणजे हरवत नाहीत, ही सवय आमची. पहिल्या दिवशी तुम्हीच मला शिकवलीत."

"समजा मी घेतली," डॉक्टर म्हणाले. "तर ती आज समुद्राच्या तळाशी असेल. काय सिद्ध करणार?"

"नाही सर. भर वादळात मोजलेली लाट पाण्यात टाकणारा माणूस आपल्या धंद्यात अजून जन्मला नाही. तुम्ही तर नाहीच. खाऱ्या पाण्यानं भिजलेली पेटी तुम्ही गोड्या पाण्यानं पुसली असेल आणि वाळत घातली असेल. वाळवणीचं कपाट सोमवारपासून चालू आहे, आणि आपल्या केंद्रात या आठवड्यात दुसरं कुठलंही उपकरण भिजलेलं नाही."

डॉक्टर शाओ यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांना धरावे लागले नाही.

"दहा पूर्णांक सहा," ते रू-यिंगला म्हणाले, जणू दालनात दुसरे कुणी नव्हतेच. "दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी. तुझं किती आलं?"

"साडेदहा."

"माझं एक्केचाळीस वेळा करून नऊ पूर्णांक नऊच्या वर जात नव्हतं." त्यांनी डोळे पुसले. "मी पाच मीटर सांगितले आणि एका माणसाला तिथं बसवून ठेवलं. मला फक्त मॉडेल दुरुस्त करून मग पेटी 'सापडवायची' होती. एक आठवडा हवा होता."

"आणि त्या आठवड्यात आ-तोंगचं काय होणार होतं?" मी विचारले.

त्यांनी कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे सरकवली.

तासाभरात पेटी टेबलावर आली. आकडा तोच निघाला. फान कुणालातरी फोनवर डुकराचे वजन विचारू लागला. अध्यक्षांनी आ-तोंगला खुर्ची दिली, आणि माझी वही, न उघडता, दोन्ही हातांनी मला परत केली.

"आमा, आता हिची गरज उरली नाही. घरची वही घरी राहू द्या."

रू-यिंग माझ्याकडे पाहत होती. ती एक शब्दही बोलली नसती, हे मला माहीत होते. माझ्या वडिलांचे नाव मंदिराच्या शिळेवर कोरलेले आहे, बंदरातल्या सर्वांत मोठ्या भालेकऱ्यांमध्ये. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि आयुष्यभर त्या शिळेसमोरून ताठ मानेने चालले आहे.

"बंदराची जुनी नोंदवही मागवा," मी अध्यक्षांना म्हटले. "बासष्ट वर्षांपूर्वीची. आणि लेखणी तयार ठेवा."

"आमा, कशाला आता…"

"मी सांगते आहे."

नोंदवही आली. मी उभी राहिले, पान उघडले, आणि वडिलांची तिन्ही वाक्ये सगळ्यांना ऐकू जातील अशा आवाजात वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली, कारण आ-तोंग म्हणाला, "आमा, पुन्हा एकदा वाचता?"

अध्यक्षांनी ल्याओ बुनच्या नावापुढची ओळ खोडली. तिच्याजागी काय लिहायचे ते मी त्यांना शब्दन् शब्द सांगितले. माझ्या वडिलांचे पूर्ण नाव, आणि त्यांनी झेंडा पाहिला होता हे. शाई वाळेपर्यंत मी बसले नाही. आ-तोंग लंगडत पुढे आला, त्याने ती ओळ बोटाने शोधून वाचली आणि मला वाकून नमस्कार केला. मी त्याच्याहून खाली वाकले.